पाचर न घातलेली जीप

ब्रह्मपुरीत माझं गॅरेज आहे. चिखलात आणि जंगलाच्या वाटेवर चालवायला जुन्या जीपा उंच करून देणं, हे माझं खास काम. लोक लांबून गाड्या आणतात. मला त्याचा गर्व होता, हे आधीच सांगून टाकतो.

सिंदेवाहीकडच्या एका खेड्यातला मासेमार माझ्याकडे आला, तो त्याची जुनी जीप घेऊन. आसपासच्या तलावांत तो स्वतः जाळं टाकायचा आणि मासोळी जीपमधून बाजारात आणायचा. तलावाकाठच्या गाळात जीपचं पोट टेकायचं, म्हणून ती उंच हवी होती. मी स्प्रिंगच्या पाट्यांना गाडीशी जोडणाऱ्या शॅकल लांब लावल्या, मोठे टायर चढवले. गाडी चार बोटं वर आली. त्याने तिच्याभोवती दोनदा चक्कर मारली आणि खुशीत घेऊन गेला.

महिन्याभरात परत आला. सोबत बायको होती. बाजारात मासोळी विकायला तीच बसायची.

"भाऊ, खड्डा लागला का पुढचं सगळं थरथरते," तो म्हणाला. "स्टेअरिंग हातात रायत नाई. गाडी उभीच करा लागते."

मी जीप जॅकवर घेतली. चाक वरखाली धरून हलवलं, मग आडवं धरून. पुढची दोन्ही चाकं जोडणाऱ्या टाय रॉडच्या एका टोकात थोडा ढिलेपणा सापडला. ते टोक बदललं, चाकं बॅलन्स केली. पंधरा दिवसांनी दोघं पुन्हा दारात. चाक ज्यावर वळतं त्या किंगपिनचे बेअरिंग मी तपासायला घेतले, तेव्हा बाई बोलली.

"भाऊ, मले बाजूले बसून दिसते. वळण झाल्यावर चाक आपोआप सरळ येत नाई. ह्यायले ते ओढून आणा लागते. पैले असं नोतं."

मी हसलो. "गाडी उंच झाली ना बाई. टायर मोठे हायेत. जड लागनच."

आणि नवऱ्याकडे वळून त्यालाच विचारायला लागलो, किती स्पीडला थरथरते, ब्रेक दाबल्यावर काय होते. त्यानंतर तिने माझ्याशी तो विषय काढला नाही.

बेअरिंग ठीक होते. मग मी स्टेअरिंगला डँपर बसवला. झटके सोसून घेणारी ती एक नळी असते. थरथर थांबली. डँपर थरथर दाबतो, तिचं कारण काढत नाही, हे मला पक्कं माहीत होतं. पण गिऱ्हाईक खूश झालं होतं आणि दारात तीन गाड्या उभ्या होत्या.

धान कापणी झाल्यावर तो रिकाम्या बांध्यांतून, धानाच्या शेतांतून तलावाकडे निघाला होता. चाक शेताच्या कडेच्या उंच धुऱ्यावर तिरपं चढलं आणि स्टेअरिंग गर्रकन फिरलं. त्याचा उजवा अंगठा स्टेअरिंगच्या दांडीत अडकला. हाड दोन ठिकाणी मोडलं.

जीप शेजाऱ्याने चालवत आणली. बाई सोबत आली होती. काय झालं ते तिने सांगितलं आणि बाकावर बसून राहिली. डँपरमधून तेल गळत होतं. मी तो काढला आणि पहिल्यांदाच ती जीप मोकळ्या रस्त्यावर नेली. तोवर फक्त अंगणात पुढेमागे केली होती. कोपऱ्यावर वळलो आणि हात सैल सोडले. चाक वळलेलंच राहिलं. मला ओढून सरळ करावं लागलं.

सायकलचा पुढचा चिमटा थोडा तिरपा असतो, म्हणून हात सोडले तरी ती सरळ चालते. जीपच्या पुढच्या चाकांनाही तसा कल असतो. माझ्या लांब शॅकलनी अॅक्सल फिरवला होता आणि तो कल घालवला होता. पाट्याखाली लोखंडी पाचरा घालून तो परत आणायचा असतो. गाडी उंच केली त्याच दिवशी घालायच्या त्या पाचरा मी आता घातल्या. दुपारच्या जेवणाआधी काम झालं.

"झाली का?" बाईने विचारलं.

"झाली," मी म्हणालो. एवढंच.

त्याचं हाड जुळलं, पण अंगठा वाकत नाही. फेकजाळ्याची अंगठ्यात धरलेली कड नेमक्या वेळी सुटली नाही तर जाळं उघडत नाही, गोळा होऊन पाण्यात पडतं. आता जाळं त्याचा धाकटा भाऊ टाकतो आणि हा काठावर उभा राहून कुठे टाकायचं ते सांगतो.

गेल्या हिवाळ्यात मी त्यांच्या तलावावर गेलो होतो. कबूल करायचं, असं घरून ठरवून निघालो होतो. त्याने मला पाहताच काठावरच्या लोकांना सांगितलं, "याच भाऊनं माही गाडी सुधारली." मग मलाच विचारलं, "काय बिगडलं होतं हो तिच्यात?"

बाई तिथेच मासोळी निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"जुनी गाडी आहे," मी म्हणालो. "काही ना काही निघतच रायते."

"हो, ते तर हायेच," तो म्हणाला. निघताना त्याने दोन रोहू माझ्या पिशवीत टाकले. नको म्हणालो तर त्याला वाईट वाटलं असतं, म्हणून घेतले.

त्यानंतर दोनदा त्या गावावरून गेलो. दोन्ही वेळा थांबलो नाही.