फिल्टर आधी रुंद करा

अकोले तालुक्यातल्या डोंगरात अतिवृष्टी झाली, तेव्हा मी आर्मीच्या सिग्नल्समध्ये कॅप्टन होते. आमचं कंट्रोल राजूरच्या एका शाळेत होतं. मोबाईल टॉवर बंद होते. वर अडकलेल्या वाडीशी एकच दुवा उरला होता, तिथले शिक्षक भांगरे सर. त्यांच्याकडे हॅम, म्हणजे हौशी रेडिओचं लायसन्स होतं आणि स्वतः जोडलेला छोटा मोर्स सेट.

माझा ऑपरेटर नाईक हुद्द्यावरचा सोपान, श्रीगोंद्याचा.

"मॅडम, तुमचं मोर्स झकास हाय. मराठी मात्र लई इंग्लिश."

बोलण्यापेक्षा मोर्सची की दाबणं मला नेहमीच सोपं गेलं.

दुपारी दोनला सुभेदार साहेबांची बचाव पार्टी खालच्या वाटेने वाडीकडे निघाली. थोड्याच वेळात सरांचा सिग्नल मध्येच तुटला.

"सर गेले, मॅडम. बॅटरी बसली."

मी रिसीव्हर पाहिला. फिल्टर सगळ्यात अरुंद होता, म्हणजे ठरल्या फ्रिक्वेन्सीच्या अगदी लगतचंच ऐकू येत होतं. अरुंद फिल्टरमध्ये खरखर कमी होते, कानाला बरं वाटतं. हल्ली पारनेरला मी नव्या हॅम ऑपरेटरना शिकवते, तेही तिथेच अडकतात. पण घरगुती सेटची बॅटरी उतरली की फ्रिक्वेन्सी सरकते. समोरचा पाठवत असतो, आपण मात्र त्याच्या बाजूला ऐकत बसतो. आर्मीचे सेट असे सरकत नाहीत. सोपानला ती सवयच नव्हती.

मी फिल्टर पूर्ण रुंद केला. विजांची कडकड कानात भरली.

"काय बी न्हाई, मॅडम."

"हेडफोन काढू नकोस."

डायल हळूहळू खाली नेला. खरखरीच्या तळाशी एक बारीक शिट्टी होती. ती मधोमध घेतली, मग फिल्टर थोडा थोडा आवळला. सर एकच वाक्य पुन्हा पुन्हा पाठवत होते. खालची वाट खचतेय, वरून या.

मी पार्टीशी बोलायचा व्हीएचएफ सेट उचलला.

"रोमिओ वन, जागेवर थांबा. खालची वाट बंद. वरून जा. ओव्हर."

"वरून फार उशीर होईल, मॅडम. ओव्हर."

"होऊ द्या. आउट."

तासाभरात ती वाट ओढ्यात गेली. पार्टी तिच्यावर नव्हती.

सोपान नवी बॅटरी पाठीला बांधत होता.

"सरांना देऊन येतो. माझ्या कानानं त्यांना जित्तेपणी मारलं हुतं."

मी परवानगी दिली. तो वरच्या वाटेने पार्टीला जाऊन मिळाला. बॅटरी सरांना दिली आणि वाडीखालच्या ओढ्यात दोर धरून उभा राहिला. माणसं त्याच्या हाताखालून पलीकडे गेली.

संध्याकाळी सर पुन्हा हवेवर आले. वाडी रिकामी, सगळे उतरले. मग ते थांबले. मी वाट पाहिली.

लोंढा आला, दोर तुटला, धरणारा वाहून गेला, असं त्यांनी पाठवलं. पुढे एक नाव, एकेक अक्षर सुटं करून. सिग्नल अगदी स्वच्छ होता. पुन्हा पाठवा, असं म्हणायला मला काही कारणच नव्हतं.