डाव्या हातातला तिळगूळ

पुस्तकाचं प्रूफ लॅपटॉपवर उघडलं तेव्हा मी उभ्यानेच चहा पीत होते. पहिली काही पानं ठीक होती. मग काकूंचं पान आलं आणि काहीतरी भलतंच वाटलं, पण काय ते कळेना. रोजच्या माणसाचा चेहरा आरशात पाहिला की जरा परका वाटतो, तसं. गालावरचा तीळ दुसऱ्या बाजूला गेला होता. पदर उजव्या खांद्यावर होता. आणि काकू शेजारच्या अमेरिकन मुलाला तिळगूळ देत होत्या, डाव्या हाताने.

मी कप खाली ठेवला आणि खुर्चीत बसले.

हे माझं पहिलंच पुस्तक. एक मुलगी संक्रांतीला आजीबरोबर सगळ्या गल्लीत तिळगूळ वाटते, एवढीच गोष्ट. शब्द दुसऱ्या कुणाचे, चित्रं माझी. त्यातली आजी मी काकूंवरून काढली होती. काकू म्हणजे माझ्या घरमालकीण, निवृत्त डॉक्टर. अमेरिकेत पिस्कॅटवे गावातल्या त्यांच्या घराच्या बेसमेंटमध्ये मी राहते. मागच्या वर्षी त्या माझ्यासाठी मुद्दाम साडी नेसून बसल्या होत्या आणि मी फोटो काढत असताना, नाक जरा लहान काढ, असं बजावत होत्या. त्या फोटोंवरून मी चित्र रंगवलं. फोटोत हात उजवा होता. चित्रातही उजवाच होता.

प्रकाशकाकडच्या आर्ट डायरेक्टरचा ईमेल मी आता नीट वाचला. सगळं फार सुंदर झालंय, असं त्याने लिहिलं होतं. खाली एक छोटी टीप होती: काही चित्रं फ्लिप केली आहेत. मुलांच्या चित्रपुस्तकात माणसं उजवीकडे तोंड करून असावीत, म्हणजे मुलांची नजर पान उलटायच्या दिशेने जाते. हे मलाही कॉलेजात शिकवलं होतं. माझ्या काकूंचं तोंड डावीकडे होतं, म्हणून त्याने चित्र आरशासारखं फिरवलं होतं. त्याच्या लेखी हात तो हात. शुक्रवारपर्यंत माझा होकार हवा होता, मग फाइल छपाईला जाणार होती.

मला 'नाही' म्हणता येत नाही. शाळेत बाईंनी माझं नाव चुकीचं घेतलं तरी मी वर्षभर त्याच नावाला ओ दिली होती. या पुस्तकातही त्याने सांगितलं तसं मी आकाश बदललं, मुलीचे केस बदलले. आताही मनात पहिला विचार आला तो हाच, की कुणाच्या लक्षात तरी येईल का? काकूंनी 'जाऊ दे गं' म्हटलं असतं तर मला त्याच्याशी बोलावं लागलं नसतं. म्हणून मी लॅपटॉप घेऊन वर गेले.

काकू किचनमध्ये होत्या. त्यांनी चष्मा लावला. आता टोमणा येणार म्हणून मी तयार होते. पण त्या चित्राजवळ वाकल्या. मग स्क्रीनवरून नजर न काढता त्यांनी विचारलं,

"तुला कुणी सांगितलं?"

मला कळलंच नाही.

"मी डाव्या हाताने देते ते."

ते फोटो काढल्यानंतरच्या थंडीत त्यांना स्ट्रोक आला होता. सौम्य होता, ऑल क्लिअर, असं त्या सगळ्यांना फोनवर सांगायच्या, आणि त्या स्वतः डॉक्टर, तेव्हा मीही ते खरं मानलं होतं. चालत होत्या, बोलत होत्या, माझी चेष्टा करत होत्या. उजवा हात कायम स्वेटरच्या खिशात असतो हे मला दिसत होतं, पण त्यांना थंडी वाजते असं मी धरून चालले होते. आणि त्या वाट्या. पूर्वी काही केलं की हाक मारून हातात वाटी द्यायच्या. आता वाटी जिन्याच्या वरच्या पायरीवर झाकून ठेवलेली असायची. दारावर टकटक व्हायची आणि मी वर येईपर्यंत त्या गेलेल्या असायच्या. मला वाटायचं, माझं काहीतरी चुकलंय. आपण भाडेकरूच शेवटी, असं मनाशी म्हणून मीही वर जाणं कमी केलं होतं. यंदा त्या हळदीकुंकवालाही गेल्या नव्हत्या. ड्राइव्ह करायचा कंटाळा, असं कारण सांगितलं होतं.

माणसं बघणं हेच माझं काम, असं मी लोकांना सांगत असते.

मी अडखळत खरं ते सांगून टाकलं. मला काहीच माहीत नव्हतं, चित्र कॉम्प्युटरवर उलटं केलंय, आणि ते मी केलेलं नाही.

काकूंनी माझ्याकडे पाहिलं आणि एकदम हसल्या. "म्हणजे कॉम्प्युटरला कळलं, तुला नाही."

मलाही हसू आलं. त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. पदर आधी सरळ कर म्हणाल्या. चाळीस वर्षं या देशात राहिले म्हणून पदर कुठे घ्यायचा ते विसरले, असं बायका म्हणतील. हाताबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. मी विचारलं, हात पूर्वीसारखा उजवा करू का?

त्या उठल्या. गॅसजवळ साबुदाण्याची खिचडी वाटीत काढून ठेवलेली होती, बहुतेक माझ्याच पायरीसाठी. सवयीने त्यांनी वाटी ओट्यावर माझ्या बाजूला सरकवली. मग थांबल्या. डाव्या हाताने वाटी उचलून माझ्यासमोर धरली. उजवा हात खिशातून काढला आणि तो ओट्यावर ठेवला. बोटं अर्धवट मिटलेली होती. वाटी थोडी हलत होती.

मी हात पुढे केला, तर त्यांनी ती मागे घेतली.

"घाई नको," त्या म्हणाल्या. "आधी नीट बघ. मग काढ."

मी पाहिलं. मनगट बाहेरच्या बाजूला वळलं होतं, अंगठा वाटीच्या काठावर दाबून धरलेला होता. खांदा किंचित वर आला होता. फोटोतल्या हातात असं काहीच नव्हतं. त्यांचा हात दुखायला लागेल म्हणून मी वाटी घेतली. पेन्सिल खाली राहिली होती, म्हणून फ्रिजवरच्या सामानाच्या यादीचं पेन काढलं आणि त्याच यादीच्या मागे रेघा मारायला लागले. काकू समोर बसून राहिल्या. नाकाबद्दल या वेळी काही म्हणाल्या नाहीत.

मग खाली येऊन मी आर्ट डायरेक्टरला लिहिलं. फ्लिप केलेली सगळी चित्रं परत सरळ करा, आजीचं पान मी नव्याने काढतेय, तिळगूळ देणारा हात डावाच राहील, आणि ती डावीकडेच बघणार आहे. 'सॉरी' लिहिलं होतं, ते पाठवायच्या आधी काढून टाकलं.