अकरा लाल गोल

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून तर मी लपवून खाल्लेला समोसासुद्धा संध्याकाळपर्यंत लपवू शकत नाही. तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. किंवा आता थकलो, म्हणून.

कुडव्याला माझं लहानसं दुकान आहे. फ्लेक्स, लग्नपत्रिका, वाढदिवसाचे बॅनर, तेरवीची कार्डं. लोक मजकूर व्हॉट्सॲपवर पाठवतात. मी तो कंपोज करतो, प्रूफ काढतो, चुकलेल्या शब्दाभोवती लाल गोल करतो आणि परत पाठवतो — बघून घ्या, असंच ठेवायचं का? गोलाला एक शेपूट काढायचं आणि शेपटाशी आकडा घालायचा, ही माझी पद्धत. दुसऱ्या कुणाला मी तसं करताना पाहिलेलं नाही. हे ध्यानात ठेवा. मी ठेवलं नव्हतं.

या धंद्यानं डोळे बिघडतात. कुणाचाही मेसेज आला की मला आधी न आणि ण दिसतात, मग ऱ्हस्व-दीर्घ, आणि माणूस सगळ्यात शेवटी. 'हार्दीक शुभेच्या' वाचून माझा चहा कडू होतो. कुणी गेल्याची बातमी आली की न वाचताच 'अभिनंदन' टाकणारेही आमच्याकडे कमी नाहीत. आमच्या दहावीच्या बॅचच्या ग्रुपचा मी ॲडमिन. तिथं मी प्रत्येकाचं शुद्धलेखन तपासत बसायचो, म्हणून माझं नाव पडलं 'मास्तर'. याच मास्तरला दहावीच्या मराठीत जेमतेम पासापुरते मार्क होते! शाळेत मी काही शिकलो नाही. एका वधूपित्यानं चुकलेल्या पत्रिकांचा गठ्ठा माझ्या टेबलावर आपटला, तेव्हापासून शब्दकोश उघडायला लागलो.

आणि तरी काय झालं? एका गुरुजींच्या सेवानिवृत्तीच्या बॅनरवर जुन्या फाइलमधली 'भावपूर्ण श्रद्धांजली' तशीच राहून गेली. गुरुजी हार घालून त्या ओळीखाली अर्धा दिवस बसले. फोटो ग्रुपवर आला आणि सगळे माझ्यावर तुटून पडले. एकट्या वनितानं लिहिलं — 'मानूस हाय, चुकते. गुरजी तं जिते हायेत ना.'

वनिता कामठ्याची. आमच्याच वर्गातली. ठेक्यानं घेतलेल्या बांध्यांत धान लावते, आणि मोबाइल हाती आल्यापासून ग्रुपवर रोज काहीतरी लिहायची. धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपं, कशी आली, कोणाची म्हैस कोणाच्या वावरात शिरली, मोहाच्या झाडाखाली कोण कोणाशी भांडलं. बोलते तसंच लिहायची. आम्ही पन्नाशीची मंडळी, निम्मे गावाबाहेर — तिचं वाचायला थांबायचो. मीही थांबायचो. हे सांगायला आज लाज वाटते, कारण पुढचं मीच केलं.

एके दिवशी तिनं लिहिलं — 'आज माया मायनं ब्यांकेत सही केलन. अंगठा नाई लावलन. साहेब म्हने आजी अजून एकदा करा, तं मायनं अजून एकदा केलन. मी पायतच रायली.'

चार ओळी. मी त्या दुपारी दुकानात रिकामा बसलो होतो. त्यांचा फोटो घेतला, तिचं नाव कापलं, आणि बोटानं गोल काढत गेलो. अकरा भरले. वर लिहिलं — 'अकरा चुका सुधारा, मास्तरकी मिळवा.' आणि दुकानदारांच्या एका ग्रुपवर टाकून दिलं. तिथं सगळे हसले. हसणाऱ्यांत दुकानावर 'झेराक्स' लिहिणाराही होता. मला केवढी मजा वाटली, सांगू? जेवतानाही हसत होतो.

चुका तरी होत्या का त्या? माझी आई अशीच बोलायची. गिऱ्हाईक नसलं की मीही असंच बोलतो.

तो फोटो फिरत फिरत तिसऱ्या दिवशी आमच्याच ग्रुपवर आला. टाकला प्रल्हादनं. प्रल्हाद आमच्या वर्गातला मस्कऱ्या — जे येईल ते पुढं ढकलणार, वाचणार नंतर. शब्द वनिताचे आहेत हे त्याच्या लक्षातही आलं नव्हतं. पण नाव कापलं म्हणून आपलं लिहिलेलं कुणी विसरतं का? तिनं एवढंच विचारलं — 'काऊन गा परल्हाद? माया मायनं काय केलन तुवं?'

तो गयावया करत राहिला. मी नाही बनवला, मले आला होता, मायी शप्पथ. कुणी ऐकेना. आयुष्यभर मस्करी केलेल्या माणसाची शपथ कोण खरी धरतो? ग्रुपवर एकच मागणी — ॲडमिन, काढा याला.

ॲडमिन मी.

त्या वेळी दोन शब्द लिहायचे होते. 'मी केलं.' त्यात ऱ्हस्व-दीर्घाची भीती नव्हती. मी बटण दाबलं आणि प्रल्हादला काढून टाकलं. आणि वरून लिहिलं — 'कुणाच्याही भाषेची थट्टा या ग्रुपमध्ये खपवून घेतली जाणार नाही.' शुद्ध, पूर्णविरामासकट. वनितानं त्यावर हात जोडले.

त्यानंतर ती लिहीत नाही. सणासुदीला एक स्टिकर येतं. मध्ये दोघातिघांनी विचारलं, 'वनिता, गावचं काई सांग वो.' तिनं अंगठ्याचं चिन्ह टाकलं. अंगठ्याचं.

मुलीच्या लग्नाची पत्रिका करायला प्रल्हाद माझ्याकडे आला. मी प्रूफ पुढं ठेवलं. दोन शब्द चुकले होते, सवयीनं गोल केलेले. तो बराच वेळ कागद बघत राहिला.

"हा गोल मी पायला हाय गा," तो म्हणाला.

मी प्रिंटरकडं बघितलं. प्रिंटर बंद होता.

"शेपूट बी तेच."

त्यानं कागद घडी करून खिशात घातला. दारातून वळून म्हणाला, "तिले नोको सांगू. मायावरचा भरोसा तं गेलाच, एखाद्यावर तरी राहू दे तिचा."

ही परवानगी मी घेतली. किती आनंदानं घेतली!

मागच्या महिन्यात वनिताची आई गेली. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाचं कार्ड छापायला ती दुकानात आली. हातात बँकेच्या पासबुकाची झेरॉक्स.

"मास्तर, मजकूर तूच लिही बापा. माया लिहिन्याले लोकं हासतेत."

"कोण हसते?" मी विचारलं. खरंच विचारलं. माझ्या तोंडाची कमाल बघा.

"जाऊ दे आता. त्या परल्हादसंग म्या आजवर बोलली नाई. मायच्या कार्यक्रमाले बी नाई बोलवत." तिनं झेरॉक्स पुढं सरकवली. "फोटूखाली हे सही टाकजो. पेन धरता येत नव्हता, तं मायनं चुलीच्या राखेत गिरवून गिरवून शिकलन. काही चुकलं असन तं सुधारून घेजो, तुले समजते."

सही वाकडीतिकडी होती. एक काना जरा दूर पडला होता, शिरोरेषा मध्येच तुटली होती. मी ती स्कॅन केली आणि होती तशी ठेवली.

"काही चुकलं नाही," मी म्हणालो.

तिनं डोळे पुसले. "तूच एक सांभारून घेतेस गा मास्तर. तुया भरोशावर सोडून जातो म्हनजे फिकर नाई."

त्या वेळी पुन्हा तेच दोन शब्द होते. दुकानात आम्ही दोघंच होतो, आणि तो अकरा गोलांचा फोटो अजून माझ्या मोबाइलमध्येच आहे.

"सोमवारी ने," मी म्हणालो.

सोमवारी ती कार्डं घेऊन गेली. एक प्रल्हादसाठी मागून घ्यावं, असं मनात आलं होतं. मागितलं नाही.