सळई निवडण्याआधी

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. लखनौला आलमबागमध्ये सायकलची कॅरियर बनवून देणारा एक माणूस होता. मी सरकारी नोकरीत नवा, मूळचा नागपूरकडचा. रजा काढून एकट्यानेच सायकलवर श्रावस्तीला जायचं ठरवलं होतं. कॅनव्हासच्या दोन पिशव्या शिवून घेतल्या होत्या, त्या टांगायला मजबूत कॅरियर हवं होतं.

त्याने भरलेल्या पिशव्या उचलून पाहिल्या, अंगठ्याने टायर दाबला आणि विचारलं, "किधर से जाइएगा? अकेले? रात कहाँ रुकिएगा?"

माझ्या मनात पाल चुकचुकली. याला कशाला हव्यात या चौकश्या? वाटेत लुटणाऱ्यांना खबर देणारे असतात, असं ऑफिसात ऐकलं होतं. मी ठोकून दिलं, "पाँच जने हैं. कानपुर जा रहे हैं."

"अच्छा, सड़क बढ़िया है," म्हणत त्याने बारीक सळई उचलली.

श्रावस्तीच्या वाटेवर, बहराइचच्या पुढे, खड्ड्यांच्या रस्त्यावर कॅरियर मोडलं. पिशव्या हँडलला अडकवून मी सायकल ढकलत होतो आणि मनात त्याला शिव्या घालत होतो.

परतल्यावर मोडकं कॅरियर तावातावाने त्याच्यापुढे टाकलं. सांध्यात वाळलेली माती त्याने नखाने खरवडून पाहिली.

"यह कानपुर की सड़क नहीं है, बाबूजी. हम रास्ता पूछकर लोहा चुनते हैं."

मग त्याने सगळ्यांत जाड सळई काढली. या वेळी त्याने काहीच विचारलं नाही. पुढच्या रजेत कुठे जाणार, हे मीच आपणहून सांगू लागलो, पण तो मान खाली घालून सळई वाकवत राहिला.