न रडणारी बाई

पार्लरवाल्या ताईंना स्वतःचं मत नव्हतं असं नाही, पण ते सांगायची सोय नव्हती. भुवया कोरताना दोऱ्याचं एक टोक दातात धरावं लागतं, आणि दातात दोरा धरलेल्या माणसाला 'हं' च्या पलीकडे जाता येत नाही. त्यामुळे गिऱ्हाइकांना ताई फार समजूतदार वाटायच्या. सासूची तक्रार असो की सुनेची, ताई 'हं' म्हणायच्या आणि खुर्चीतल्या बाईला वाटायचं, ही आपल्या बाजूची.

दुपारी पार्लरच्या टीव्हीवर विलायतेतल्या कोर्टाची एक मालिका लागायची. पांढऱ्या केसांचे टोप घातलेले वकील एकमेकांना 'माझे विद्वान मित्र' म्हणायचे आणि लगेच त्याच मित्राचे वाभाडे काढायचे. पहिले काही दिवस पार्लरमध्ये टोपांवरच चर्चा झाली. असला टोप रोज घातला तर डोक्यात कोंडा ठरलेला, असं ताईंनी धंद्याच्या नजरेनं सांगून टाकलं. मग सगळ्यांचं लक्ष आरोपीकडे गेलं. ती रोपवाटिका चालवणारी बाई होती आणि नवऱ्याला चहातून विष दिल्याचा तिच्यावर आरोप होता. आरोपीच्या पिंजऱ्यात ती ताठ उभी राहायची. सरकारी वकील काहीही बोलले तरी तिचा चेहरा हलायचा नाही.

"हिनंच केलंय," बँकेतल्या बाई म्हणाल्या. "नवरा मेलाय आणि डोळ्यांत टिपूस नाही. केस बघा कसे चापूनचोपून बांधलेत."

"पण पुरावा कुठाय?" वाफ घेत बसलेल्या गणिताच्या बाईंनी टॉवेलखालून विचारलं.

"पुरावा कशाला हवा? तोंड बघा की तिचं."

हे म्हणताना बँकेतल्या बाईंच्या स्वतःच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, कारण दोरा भुवईच्या टोकाला पोचला होता. तिथे सगळ्यांचंच वाहतं. मालिकेतल्या कोर्टात निकाल द्यायला बारा पंच बसायचे. पार्लरमध्ये जितक्या मावतील तितक्या बसायच्या आणि सगळ्यांचा निकाल एकच असायचा. बाई रडत नाही, म्हणजे बाई गुन्हेगार.

ताईंचा दोरा तुटला. हल्ली तो वरचेवर तुटत होता.

त्याचं कारण होतं धाकटी, त्यांची पाठची बहीण. भुवया करताना जिच्या डोळ्यांत पाणी येत नाही अशी ताईंच्या माहितीत ती एकटीच. हॉस्पिटलात ती एक्स-रे काढायची. 'हलू नका, श्वास धरून ठेवा' असं दिवसभर लोकांना सांगून सांगून ती स्वतःच तशी झाली होती, की मुळातच तशी होती, कोण जाणे. नवऱ्याशी पटेना म्हणून लहान मुलीला घेऊन ती ताईंकडे राहायला आली होती. आता मुलगी आपल्याला मिळावी म्हणून नवरा कोर्टात गेला होता. त्याच्या अर्जाचं सार एवढंच होतं: ही बाई दगड आहे, मुलीला हिची माया मिळत नाही. आणि तारीख जवळ आली होती.

त्या चिमणीशिवाय घर कसं दिसेल हे सारखं ताईंच्या डोळ्यांपुढे यायचं. न्यायाधीशसुद्धा माणूसच. तोही तोंडच बघणार. बँकेतल्या बाई एवढ्या शिकलेल्या, त्यांनी तोंड बघून फाशी दिली, तर तो काय वेगळं करणार?

"रडायला काय जातं तुझं?" ताई तिच्या मागे लागल्या. "दोन थेंब. आईची आठवण काढ."

"ताई, मला काय विचारतील त्याची उत्तरं देईन मी. नाटक जमायचं नाही."

"नाटक नाही गं. आत असेल ते बाहेर काढायचं."

"आत आहे ते आत बरं आहे," धाकटी म्हणाली आणि मुलीच्या डब्याचं झाकण लावायला गेली.

ताईंचं चित्त थाऱ्यावर राहिना. एका गिऱ्हाइकाची भुवई गरजेपेक्षा बारीक झाली, दुसरीच्या केसांना रंग लावून त्या वेळ बघायला विसरल्या. घरी गेल्यावर आरशासमोर उभ्या राहून त्या कोर्टात द्यायची स्वतःची साक्ष घोकू लागल्या. 'बहीण रोज रडते हो साहेब. सकाळी उशी ओली असते.' हे म्हणताना त्यांच्या डोळ्यांत अगदी वेळेवर पाणी यायचं. त्यांचं ते नेहमीच यायचं.

तारखेच्या आदल्या दिवशी त्यांनी धाकटीला पार्लरच्या खुर्चीत बसवलं. निदान चेहरा तरी जरा मऊ दिसू दे, म्हणाल्या. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी चेहऱ्याला नवीन काही लावायचं नाही, हे त्या प्रत्येक नवरीला बजावून सांगायच्या. पण जीव टांगणीला लागला की माणूस आधी आपलाच नियम मोडतो. नुकतंच आलेलं एक क्रीम त्यांनी उघडलं आणि डोळ्यांच्या कडेपर्यंत नीट चोळून लावलं. नाही म्हणून म्हणून थकलेली धाकटी गप्प बसून राहिली.

सकाळी तिच्याकडे बघून ताईंनी कपाळावर हात मारला. पापण्या सुजून टम्म झालेल्या, डोळे लालबुंद, नाकाचा शेंडासुद्धा लाल. बर्फ लावून झाला, थंड पाण्याच्या घड्या ठेवून झाल्या, कशाचा उपयोग झाला नाही.

पण कोर्टाच्या व्हरांड्यात वेगळंच घडलं. एका अनोळखी बाईनं सरकून धाकटीला बाकावर जागा दिली. शिपायानं न मागता पाणी आणून दिलं. समोरच्या खांबाशी उभ्या असलेल्या तिच्या नवऱ्यानंही एकदा बघितलं आणि मान खाली घातली. सगळ्यांना वाटत होतं, ही बाई रात्रभर रडली आहे. धाकटीच्या वकीलबाई ताईंच्या कानाशी येऊन पुटपुटल्या, "चांगलंच झालं. आपण होऊन काही बोलायचं नाही." आपल्या चुकीचं सोनं झालं असं ताईंना वाटलं.

आत न्यायाधीशांनी कागद वाचले, चष्म्यावरून धाकटीकडे पाहिलं आणि जरा हळू आवाजात विचारलं, "रात्रभर रडलात का? बसून बोललात तरी चालेल."

ताईंनी श्वास धरून ठेवला.

"नाही साहेब, रडले नाही," धाकटी म्हणाली. "काल बहिणीनं चेहऱ्याला क्रीम लावलं, ते सोसलं नाही."

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. वकीलबाईंनी डोळे मिटून घेतले. नवऱ्याचे वकील मात्र लगेच उठले.

"साहेब, आमचं म्हणणं हेच आहे. मुलगी जिन्यात पडली, हनुवटीला टाके पडले, तेव्हाही या बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं नाही."

न्यायाधीशांनी ताईंना पुढे बोलावलं. "तुम्ही एकाच घरात राहता. बहिणीला कधी रडताना पाहिलंय?"

घोकलेलं वाक्य ताईंच्या जिभेवर तयार होतं. दोन थेंबही वाट बघत होते. पण त्यांचं लक्ष धाकटीकडे गेलं. सुजलेल्या डोळ्यांनी ती त्यांच्याकडे बघत होती, अगदी शांत. आता ते वाक्य म्हणणं म्हणजे तिला खोटं पाडणं होतं.

"नाही साहेब," ताई म्हणाल्या. "कधीच नाही. आई गेली तेव्हाही नाही. मी मोठी, पण मीच जमिनीवर पडून रडत होते. ही शाळेत होती तेव्हा. हिनं आलेल्यांना पाणी दिलं, स्वयंपाक केला, मला भरवलं, माझे केस विंचरले. चिमणी पडली तेव्हाही मी तिथेच होते. मी नुसती ओरडत होते. हिनं हनुवटी दाबून धरली आणि टाके पडेपर्यंत तिला एकच गोष्ट परत परत सांगत राहिली. पोर रडायची थांबली साहेब, मी नाही थांबले. घरात एकाला रडायचं असलं की दुसऱ्या कुणाला तरी न रडता राहावं लागतं. आमच्याकडे ते काम कायम हिच्याच वाट्याला आलं."

बोलता बोलता त्यांना कळलं, की हे सगळं आपल्याला आत्ताच समजतंय. इतके दिवस बहिणीसाठी जीव टाकत होत्या, पण मनातून त्याही बँकेतल्या बाईंच्या शेजारीच बसल्या होत्या. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

काही दिवसांनी निकाल आला. मुलगी आईकडे राहील, सुट्टीच्या दिवशी बापाकडे जाईल. न्यायाधीशांना नेमकं काय पटलं हे कोणाला कळलं नाही. ताई निकाल ऐकून ओक्साबोक्शी रडल्या. धाकटीनं त्यांच्या हातात रुमाल दिला आणि म्हणाली, "ताई, ते क्रीम आता कुठल्या गिऱ्हाइकाला लावू नकोस हं."

दुसऱ्या दिवशी बँकेतल्या बाई भुवया करायला आल्या. "तुमचा मालिकेचा शेवटचा भाग हुकला," खुर्चीत मान टेकता टेकता त्या म्हणाल्या. "सुटली हो ती रोपवाटिकावाली. सोडलं तेव्हाही चेहरा हलला नाही बघा. मी अजून सांगते, तिनंच केलं होतं." दोरा सुरू झाला तशी त्यांनी आवाज खाली आणला. "तुमच्या बहिणीला पोर मिळाली म्हणे. कोर्टात रडली असेल ना खूप?"

'हं' म्हणणं सोपं होतं. ताईंनी दातातून दोरा काढला.

"नाही रडली."

"अजिबात?" बाईंनी डोळे उघडून विचारलं. त्यांच्या डोळ्यांतलं पाणी दोन्ही बाजूंनी कानांपर्यंत ओघळलं होतं.

"अजिबात नाही," म्हणत ताईंनी कापसानं त्यांचे डोळे टिपले आणि दोरा पुन्हा दातात धरायच्या आधी सांगितलं, "आता हलू नका."