काचेवरची काजळी

आमच्या प्रयोगशाळेतल्या इंजिनाला खिडकी आहे. सिलिंडरला जाड काच बसवलेली. तिच्यातून लेझरचा प्रकाश आत सोडायचा आणि इंधन हवेत कसं मिसळतं, कसं पेटतं याचे फोटो घ्यायचे. ऐकायला छान वाटतं. प्रत्यक्षात मी दिवसभर काच पुसते. इंजिन जरा कुठे पेटलं की काचेवर काजळी धरते आणि कॅमेऱ्याला काही दिसत नाही. मग थांबवा, गार होऊ द्या, खोला, पुसा, परत बसवा. घरी ओटा पुसून निघायचं आणि इथे येऊन हे.

ज्याला बघायला जावं त्यानेच आपले डोळे झाकावेत, याचा संताप येतो. माणसंही तशीच. आतून धुमसत असतात, पण काय झालं विचारलं तर "काही नाही" म्हणून तोंड फिरवतात.

आज चिडचिड करत काच पुसत होते, तेव्हा शेजारी लेझर जुळवणारा माझा सहकारी नितीन म्हणाला, "आजही डाव्या कोपऱ्यातच काळं झालंय का गं?"

"रोज मेलं तिथेच होतं," मी म्हणाले, आणि हात थांबला.

इंधन जिथे हवेत नीट मिसळत नाही, तिथेच काजळी जास्त धरते. महिनाभर आम्ही तीच जागा तर शोधत होतो. इंजिन रोज बोट ठेवून दाखवत होतं आणि मी रोज पुसत होते.

काच आता लख्ख झाली होती. महिनाभराचं उत्तर माझ्या हातातल्या फडक्यात होतं.