न्हाणीपर्यंतची वीस पावलं

खुर्चीतून उठताना आजी आधी दोन्ही गुडघ्यांवर हात टेकायच्या आणि माझ्याकडे बघून म्हणायच्या, "बाई गं, पुन्यांदा उठायचं? आत्ता तर बसले!"

दहा वेळा उठबस, मग अंगणात पाच मिनिटं चालणं. आजींना कॅन्सर होता. त्याचा थकवा पडून राहिल्यानं वाढतो, थोड्या हालचालीनं हलका होतो, असं डॉक्टरांनी मला समजावून दिलं होतं. मी आशा सेविका. सगळी देवळाली पालथी घालून त्यांच्या दारात पोचेपर्यंत माझेच पाय भरून यायचे. दोघी दमलेल्या, कोण कुणाला उठवणार, सांगा!

त्यांचा जन्म उसात खुरपण्यात गेलेला. सत्तरी ओलांडली तरी रिकाम्या हातानं फिरायची लाज. "लोक म्हन्तील, म्हातारी मोकाट सुटली." म्हणून खुरपं हातात घेऊन चालायच्या. मी म्हटलं, घ्या, पण चाला एकदाच्या.

तिथंच मी फसले. जरा बरं वाटलं त्या दिवशी बाईंनी कांद्याचा अख्खा वाफा खुरपून काढला आणि पुढं चार दिवस अंथरूण धरलं. मी चिडले, तर म्हणाल्या, "तूच म्हन्लीस ना, हालचाल करा? मंग काम म्हंजी हालचाल न्हाई व्हय?" कपाळ माझं!

सुनेनं खुरपं लपवलं. "आत्या, तुमी पडूनच ऱ्हावा. आंघोळ मी घालते." ती मायेनंच म्हणत होती. पण ती आत गेल्यावर त्यांनी माझा हात घट्ट धरला. "लई जीव लावती गं. पर माझं अंग मला धुता आलं पाह्यजे. तेवढं कर."

मग कुरकुर थांबली. न्हाणी घरामागं, वीस पावलांवर. रोज तिथवर जायचं, स्टुलावर टेकायचं, परत यायचं. थकवा काही गेला नाही, पण तांब्या उचलण्याइतका तरी हटला. तेवढ्यावर मी केवढी खूश होते!

मागच्या पौषात त्या गेल्या. मी पोचले तेव्हा बायकांनी शेवटच्या आंघोळीसाठी अंगणात पाणी तापवलं होतं आणि सून कुणाला जवळ येऊ देत नव्हती.

"सकाळीच त्यांनी त्यांच्या हातानं आंघोळ केली हाय," ती म्हणत होती. "आता परत कशाला?"

शेवटी तांब्या मीच उचलला.